दातांवर उपचार झालेल्या सशाची घरी काळजी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दवाखान्यातलं काम भुलीखाली उरकतं, ससा शुद्धीवर येतो आणि डॉक्टर त्याला घरी सोडतात. त्यानंतरचे दोन-तीन दिवस सगळं घरच्यांवर असतं. वाढलेले दात यंत्राने नीट घासून लहान केले गेले, तरी या दिवसांत सशाच्या पोटात अन्न जात राहिलं नाही तर तो दगावू शकतो. दातांमुळे कमी आणि आतडी थांबल्यामुळे जास्त ससे जातात, हे मनात ठेवून पुढची उत्तरं वाचावीत. औषधांचं प्रमाण मात्र तुमच्या सशाला तपासलेल्या डॉक्टरांनी लिहून दिलेलंच पाळायचं.

डॉक्टरांनी नेमकं काय केलं, हे मला कळायला हवं का?

हो, कारण घरची काळजी त्यावर ठरते. सशाला एकूण २८ दात असतात आणि ते सगळे आयुष्यभर वाढतात. पुढचे पटाशीचे दात आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर वाढतात, दाढा त्याहून सावकाश. वरच्या पटाशीच्या दातांमागे आणखी दोन छोटे, खुंटीसारखे दात असतात, ते आपल्याला सहसा दिसतच नाहीत. गवत चघळताना दाढा एकमेकींवर आडव्या घासतात आणि झिजतात. ही झीज कमी पडली, किंवा जबडाच जन्मतः नीट जुळत नसला, की दाढांना काटे येतात. वरच्या दाढांचे काटे गालात घुसतात, खालच्यांचे जिभेत.

म्हणून निघण्यापूर्वी विचारा: फक्त पटाशीचे दात घासले, दाढांचे काटे काढले, की दात उपटला किंवा गळू फोडलं? तोंडात जखमा होत्या का? एक्स-रे काढला असेल तर मुळं कशी आहेत? पहिल्या प्रकारात ससा त्याच संध्याकाळी खाऊ शकतो. दाढांच्या कामानंतर एक-दोन दिवस लागतात. दात काढला असेल तर आठवडा-दोन आठवडे मऊ खाणं धरून चालायचं.

घरी आणल्यावर पहिल्या काही तासांत काय करायचं?

ऊब, शांतता आणि समोर खाणं. भुलीनंतर सशाचं अंग गार पडतं. टॉवेल किंवा जुनी गोधडी अंथरा, थंडी असेल तर गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका बाजूला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर त्याला दूर सरकता येईल. लाकडाचा भुसा घालू नका, तो तोंडातल्या जखमेला चिकटतो. उंच उड्या मारायच्या जागा त्या दिवसापुरत्या बंद ठेवा. पिंजऱ्यात गवत, चिरलेली कोथिंबीर आणि पाण्याची वाटी अशी ठेवा की त्याला चालत जावं लागणार नाही.

आणि घरातल्या पाहुण्यांना, शेजारच्या मुलांना दोन दिवस थांबायला सांगा. घाबरलेला ससा खात नाही.

किती वेळ खाल्लं नाही तर काळजी करायची?

उपचारानंतर चार-पाच तासांत त्याने स्वतःहून काहीच तोंडात घेतलं नाही, तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे 'क्रिटिकल केअर' (आजारी सशांसाठीची गवताची तयार भुकटी) पाण्यात कालवून सिरिंजने भरवायला लागा. दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही आणि लेंड्याही पडल्या नाहीत, तर ती आणीबाणी समजायची, रात्र असली तरी. "सकाळपर्यंत बघू" हे वाक्य सशाच्या बाबतीत फार महाग पडतं.

कारण असं. सशाचं पचन सतत वाहत्या चाऱ्यावर चालतं. चारा थांबला की आतडी मंदावतात, आतलं अन्न सुकून घट्ट होतं, वायू साठतो, पोट दुखतं आणि दुखतं म्हणून ससा आणखी खात नाही. लठ्ठ सशांत तर उपासामुळे यकृतात चरबी साठून तेही निकामी व्हायला लागतं. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात अडकलेलं बाहेर टाकायची सोयच नाही.

लेंड्या हा तुमचा सगळ्यात खरा निरोप्या आहे. ट्रे रोज ठरलेल्या वेळी रिकामा करा, म्हणजे नव्या किती पडल्या ते कळेल. उपचारानंतर एखाद दिवस त्या लहान आणि कमी असणं चालतं. हळूहळू त्या मोठ्या, गोल आणि फिकट व्हायला हव्यात, फोडल्यावर आत गवताचे धागे दिसायला हवेत. त्याबरोबर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन करा. दोन किलोच्या सशाचं वजन २०० ग्रॅमने उतरलं, तर ते शरीराच्या दहाव्या हिश्शाइतकं आहे, लगेच डॉक्टरांना कळवायचं.

सिरिंजने भरवायचं कसं? तो तोंडच उघडत नाही.

तोंड उघडावं लागतच नाही. पटाशीचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, सिरिंजचं टोक बाजूने, ओठांच्या कोपऱ्यातून तिथे सरकवायचं. टोक समोरच्या गालाकडे वळलेलं हवं, घशाकडे कधीच नाही. एका वेळी अर्धा ते एक मिली सोडा, तो चघळून गिळेपर्यंत थांबा, मग पुढचं. घाईने पिचकारी मारली तर अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो.

धरायची पद्धतही महत्त्वाची. जमिनीवर बसा, ससा तुमच्या मांड्यांमध्ये, त्याची पाठ तुमच्याकडे. फार हात-पाय झाडत असेल तर टॉवेलमध्ये मान मोकळी ठेवून गुंडाळा. चारही पाय खाली टेकलेले असू द्या. उताणं करून भरवू नका. सशाच्या मागच्या पायांत इतका जोर असतो की उताणा धरल्यावर त्याने झटका दिला तर त्याचाच कणा मोडू शकतो.

प्रमाण: डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर एका वेळी वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिली, दिवसातून चार-पाच वेळा. म्हणजे दोन किलोच्या सशाला एका बैठकीत २० ते ३० मिली. पहिल्या वेळी इतकं घेणार नाही, निम्म्यावर थांबा आणि दोन तासांनी पुन्हा बसा. साधी बारीक तोंडाची सिरिंज गवताच्या भुकटीने तुंबते, म्हणून रुंद तोंडाची मागून घ्या. मिश्रण कोमट हवं, थंड मिश्रण बहुतेक ससे थुंकून टाकतात.

एक सावधगिरी मात्र नक्की पाळा. पोट ढोलासारखं फुगून ताणलेलं असेल आणि ससा अचानक मलूल झाला असेल, तर सिरिंज बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा. आत अडथळा असू शकतो, अशा वेळी भरवलं तर जीव धोक्यात येतो.

क्रिटिकल केअरची भुकटी आमच्या गावात मिळत नाही. मग?

सशाच्या नेहमीच्या साध्या पेलेट (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्या) कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, मिक्सरमधून अगदी मऊ फिरवा, लागलं तर गाळून घ्या. थोडी कोथिंबीर त्यातच वाटली तर वास ओळखीचा होतो. शिल्लक राहिलेलं फ्रीजमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवा. भाताची पेज, दूध, सेरेलॅक, ग्लुकोजचं पाणी हे सगळं माणसाच्या आजारपणातलं खाणं आहे. पिष्टमय आणि गोड पदार्थांनी सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू बिघडतात आणि वायू वाढतो. दातांचा त्रास जुना आहे असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर भुकटीचं एक पाकीट आधीच मागवून घरात ठेवा.

त्याला दुखतंय, हे कसं ओळखायचं?

ससा सहसा ओरडत नाही. इतरांचं भक्ष्य असलेला प्राणी दुखणं लपवतो, म्हणून बारकाईने बघावं लागतं. अंग आखडून कुबड काढून बसणं, डोळे अर्धे मिटलेले, कान मागे ताणलेले, गाल बसलेले, पोट जमिनीवर दाबून धरणं. खाण्याजवळ येतो, वास घेतो, काडी तोंडात धरतो आणि टाकून देतो, हे तर तोंड दुखण्याचं अगदी ठळक लक्षण. कराकरा मोठ्याने दात खाणंही वेदनेचंच. कुरवाळताना येणारी हलकी, मऊ कटकट वेगळी, ती समाधानाची असते. दोन्ही एकदा ऐकल्या की फरक कायमचा लक्षात राहतो.

तो आता खेळतोय. वेदनाशामक थांबवू का?

नाही. तो खेळतोय ते औषधामुळेच. सशांना बहुतेक वेळा मेलॉक्सिकॅमचं द्रव औषध देतात आणि जितके दिवस सांगितलं तितके दिवस द्यायचं. कुत्र्याच्या तुलनेत सशाला किलोमागे जास्त मात्रा लागते, त्यामुळे चिठ्ठीवरचा आकडा बघून घाबरून निम्मं करू नका. शंका असेल तर फोन करून विचारा. स्वतःच्या औषधाच्या डब्यातली कोणतीही गोळी, अगदी पॅरासिटामॉलसुद्धा, कुटून देऊ नका.

मागच्या वेळचं अँटिबायोटिक घरात आहे, ते चालेल?

हा प्रश्न जीवावर बेतणारा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधं सशाला तोंडावाटे दिली तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक जिवाणू माजतात, जुलाब लागतात आणि काही दिवसांत ससा जातो. सर्दीतापाला घराघरात आणलेली अ‍ॅमॉक्सिसिलिनची पाकिटं शिल्लक असतात, त्यामुळे ही चूक सहज होते. कुत्र्या-मांजरांना ही औषधं नेहमी दिली जातात. म्हणून नवीन डॉक्टरांनी यातलं काही लिहून दिलं, तर "हे सशासाठी तोंडावाटे चालतं का?" असं नम्रपणे पण नक्की विचारा. पेनिसिलिनचं इंजेक्शन काही गळवांवर दिलं जातं, ती गोष्ट वेगळी आणि ती डॉक्टरांच्याच हातची.

लवंगेचं तेल किंवा हळद लावली तर?

लावू नका. लवंगेच्या तेलाने तोंडाच्या आतली नाजूक त्वचा चुरचुरते आणि एवढ्याशा शरीराला ते विषारीही ठरू शकतं. हळदीचा लेप तोंडात टिकत नाही आणि लावताना होणारी झटापट जखमेला जास्त त्रास देते.

गवत कधी खायला लागेल? आणि कोणतं द्यायचं?

गवत पहिल्या दिवसापासून समोर हवं, खाल्लं नाही तरी. आधी पालेभाजी, मग भिजवलेल्या पेलेट, मग कोवळं गवत आणि शेवटी सुकं गवत, असा क्रम बहुतेक सशांत दिसतो. सुकं गवत चघळायला सगळ्यात जास्त मेहनत लागते, म्हणून ते शेवटी. आठवड्यानंतरही तो सुक्या गवताला तोंड लावत नसेल, तर दाढेत काहीतरी राहिलंय असं धरून पुन्हा दाखवा.

बाहेरून येणारं टिमथी गवत उत्तम, पण महाग. आपल्याकडे त्याला चांगले पर्याय आहेत. दूर्वा, म्हणजेच हरळी, ससे अतिशय आवडीने खातात, आणि ती फुलवाल्यांकडे वर्षभर मिळते. जुड्यांचा दोरा सोडा, दोन-तीन पाण्यांतून धुवा, पंख्याखाली कोरडी करून द्या. सार्वजनिक बागेतली किंवा रस्त्याकडेची घेऊ नका, तिथे फवारणी आणि कुत्र्यांची घाण दोन्ही असतात. दूधवाल्या गोठ्यांकडे मारवेलसारखं चाऱ्याचं गवत मिळतं, तेही सावलीत सुकवून चालतं. ओट गवत मिळालं तर फारच छान.

लसूणघास (ल्युसर्न हा हिरवा चारा) मोठ्या सशाला रोज नको, त्यात कॅल्शियम खूप असतं आणि मूत्राशयात खर साठते. पण उपचारानंतर अजिबात खात नसलेल्या सशाला दोन-चार दिवस मूठभर लसूणघास देऊन जिभेला चव आणणं योग्यच आहे. भाताचा पेंढा अंथरायला ठीक, खाणं म्हणून निकस. कोवळी हिरवी ज्वारी मात्र पूर्ण टाळा. तिच्यात विषारी द्रव्य असतं, म्हणून जाणता शेतकरी गुरांनाही ती तोडू देत नाही.

लाकडाचे ठोकळे आणि रंगीत खनिज दगड दुकानात "दातांसाठी" म्हणून विकतात. त्यांनी पुढचे दात थोडेफार गुंततात, दाढा झिजत नाहीत. ते पैसे गवतावर घाला.

भाज्यांपैकी काय?

कोथिंबीर, पुदिना, शेपू, मुळ्याचा आणि गाजराचा पाला. सगळं बोटभर लांबीच्या पट्ट्यांत चिरून, कारण पुढचे दात दुखत असताना त्याला तोडता येत नाही, ओढून घेता येतं. पालक अधूनमधून. कांदा, लसूण, बटाटा कधीच नाही. गाजर, सफरचंद म्हणजे सशाची मिठाई, नखाएवढा तुकडा भूक चाळवायला पुरे. पोळी, बिस्किटं, भिजवलेले हरभरे आणि मका घातलेलं दुकानी मिश्रण यांची सवय असेल, तर ती मोडायची हीच वेळ. दात बिघडायचं ते एक मोठं कारण असू शकतं.

पाणी बाटलीतून की वाटीतून?

वाटीतून. नळीचं टोक चाटायला दुखऱ्या जिभेला त्रास होतो आणि ससा कमी पाणी पितो. जड, न कलंडणारी मातीची किंवा चिनी मातीची वाटी घ्या. भाज्या ओल्याच दिल्या तरी तेवढंच पाणी पोटात जातं.

हनुवटी सतत ओली राहते. हे नेहमीचं आहे का?

पहिले एक-दोन दिवस थोडी लाळ येऊ शकते. त्यानंतरही हनुवटी, गळा किंवा पुढच्या पंजांची आतली बाजू ओलसर असेल, तर तोंडात अजून जखम किंवा काटा आहे. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने टिपा आणि लगेच कोरडं करा. आंघोळ अजिबात नको.

पावसाळ्यात यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. तोंड दुखत असलेला ससा अंग चाटत नाही, एरवी खातो त्या स्वतःच्या रात्रीच्या मऊ लेंड्या खात नाही, आणि त्या शेपटीखाली चिकटून राहतात. अशा ओल्या, घाणेरड्या केसांवर माशा अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होऊन कातडीत शिरतात. सकाळ-संध्याकाळ ससा उचलून शेपटीखाली बघायचं. एकही अळी दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा.

उन्हाळ्यात वेगळं काय?

२८ अंशांच्या वर ससे अस्वस्थ होतात आणि विदर्भ-मराठवाड्यातला मे महिना त्याच्या कितीतरी पुढे जातो. उकाड्यात भूकही मरते, म्हणून दातांचं ठरवून करायचं काम शक्यतो थंडीत किंवा सकाळच्या वेळी करा. रिक्षाने नेताना पिंजऱ्याशेजारी बर्फाची बाटली कापडात गुंडाळून ठेवा. घरी शहाबादी फरशीचा एक तुकडा त्याला लोळायला पुरतो. कूलरचा झोत मात्र थेट अंगावर नको.

जोडीदार सशाला वेगळं ठेवू का?

शक्यतो नाही. सोबतीने ससा लवकर खायला लागतो, आणि दवाखान्यात जाऊन आलेल्या सशाला परका वास येत असल्याने फार दिवस वेगळं ठेवलं तर पुन्हा जुळवताना भांडणं होतात. आमची सशीण तर जोडीदाराच्या तोंडातली काडी ओढूनच पहिला घास घ्यायची. अडचण एकच: लेंड्या कोणाच्या ते कळत नाही. त्यासाठी दिवसातून दोनदा तासभर, मधे जाळी लावून, दोघांना शेजारी-शेजारी ठेवा.

गळू फोडलं आहे. जखम उघडीच ठेवली, हे बरोबर आहे का?

बरोबर आहे. सशाचा पू दाट, चिकट लोण्यासारखा असतो, तो आपोआप वाहून जात नाही. म्हणून डॉक्टर बऱ्याचदा जखम उघडी ठेवून रोज धुवायला सांगतात, म्हणजे ती आतून वर भरत येते. धुवायचं द्रावण आणि पद्धत त्यांच्यासमोर एकदा स्वतः करून बघा, मगच घरी निघा. हे काम आठवडेच्या आठवडे चालतं, गळू परतही येतं, आणि काही सशांत जबड्याचं हाड पोखरलेलं असतं. अशा वेळी किती पुढे जायचं हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावं.

डोळ्यातून सतत पाणी येत असेल तर तेही सांगा. वरच्या दातांची मुळं वाढून अश्रूंची नळी दाबतात, आणि नुसत्या डोळ्यांच्या थेंबांनी ते थांबत नाही.

पुन्हा किती दिवसांनी न्यायचं? मी घरीच दात कापू शकतो का?

नेलकटरने किंवा कात्रीने पटाशीचे दात कापायचा विचार सोडून द्या. दात उभा चिरतो, चीर मुळापर्यंत जाते आणि तिथे गळू होतं. दवाखान्यात फिरत्या यंत्राने घासतात, ते सुरक्षित आहे. जबडाच न जुळणाऱ्या सशाला पटाशीच्या दातांसाठी दर तीन ते सहा आठवड्यांनी जावं लागतं. दाढांचं अंतर प्रत्येकाचं वेगळं, कोणाला दीड महिना, कोणाला वर्ष. पहिली फेरतपासणी चुकवू नका, आणि पुढची तारीख वजनाच्या वहीवरून ठरवा: वजन उतरायला लागलं की काटे परत आलेत.

पटाशीचे सगळे दात काढायला सांगितलेत. मग तो खाणार कसा?

ओठांनी उचलून आणि दाढांनी चघळून. सहाही दात काढलेले ससे गवत छान खातात, फक्त भाजी चिरून द्यावी लागते आणि अंग विंचरायला मदत लागते. दर महिन्याला भूल आणि घासणं यापेक्षा हा मार्ग अनेक सशांना सुखाचा ठरतो. मुळाशी थोडा अंश राहिला तर एखादा दात पुन्हा फुटू शकतो, तो परत काढावा लागतो.

सशांचे जाणकार डॉक्टर कसे शोधायचे?

कुत्र्या-मांजरांचे उत्तम डॉक्टरही सशांच्या दातांचं काम क्वचित करतात, त्यामुळे विचारायला संकोच नको. मुंबईत परळला, तसंच नागपूर, शिरवळ, परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे चौकशी करता येते. फोनवर तीन प्रश्न पुरेसे असतात: सशांना भूल नेहमी देता का? दाढा बघायला तोंड उघडायचं खास साधन आहे का? आणि भुलीआधी ससा उपाशी ठेवायचा का? तिसऱ्याचं उत्तर "रात्रभर उपाशी ठेवा" असं आलं, तर दुसरा दवाखाना शोधा. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे त्याला उपाशी ठेवायचं कारणच नसतं, भुलीआधी थोडा वेळ तोंडात चारा राहू नये एवढंच बघतात.